एकट्याच आहात का?

मैत्रिणींनो, हा प्रश्न गेल्या महिन्यात मी एका दिवसात चार वेळा ऐकला. एस.टी.त शेजारी बसलेल्या आजींनी विचारला, त्यात माया होती. खानावळीतल्या पोऱ्याने विचारला, त्याला ताटे किती लावायची एवढेच हवे होते. पण दोन लॉजच्या दोन काउंटरवर तोच प्रश्न आला, तेव्हा मात्र हातातली पिशवी एकदम जड झाली बघा.

छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, बी.ए. झालेली, तासिकेवर का होईना पण शाळेत शिकवणारी बाई मी. आणि आयुष्यात पहिल्यांदाच एका रात्रीपुरती लॉजवर एकटी उतरले! यात लिहिण्यासारखे ते काय, असे पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना वाटेल. पण आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी संसार करणाऱ्यांना विचारा. माहेर, सासर, नणंदेचे घर आणि दवाखाना, या चार ठिकाणांपलीकडे आपण रात्र काढलेली असते कुठे? आणि लॉजवर उतरलोच तर सोबत हे असतात, मुले असतात, निम्मे गाव असते.

झाले असे, की शिक्षकांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षण शिबिराला नगरला जायचे पत्र आले. आम्ही अकोल्याचे. आता आपला जिल्हा म्हणजे काही हातरुमाल नव्हे. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला, चौदा तालुक्यांचा. इकडे आमच्याकडे कळसूबाईच्या पायथ्याशी भाताची खाचरे, तर तिकडे जामखेड-कर्जतला ज्वारीची काळी राने. २०२४ मध्ये जिल्ह्याचे आणि शहराचेही नाव अहिल्यानगर झाले, पण आमच्या तोंडी अजून 'नगर'च आहे, म्हणून इथेही तसेच लिहिते. तर अकोल्याहून संगमनेर, लोणी, कोल्हार, राहुरी करीत नगर गाठायचे म्हणजे शंभरावर किलोमीटर आणि एस.टी.चे साडेतीन-चार तास.

एरवी नगरला काम निघाले की सावेडीला मामेसासूबाईंकडे उतरायचे, हा आमच्या घरचा रिवाज. पण मामी नेमक्या लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेलेल्या, घराला कुलूप. झाली का पंचाईत!

"मग सकाळी जा, रात्री ये, दुसऱ्या दिवशी परत जा," हे म्हणाले.

मी बोटे मोडून हिशेब करून दाखवला. चार खेपा, एका खेपेला साडेतीन-चार तास, म्हणजे दोन दिवसांत पंधरा तास एस.टी.त. प्रशिक्षण घ्यायचे कधी, डुलक्या काढताना? "आमच्या शाळेतले सर दर वेळी तारकपूर स्टँडजवळच्या एका लॉजवर उतरतात, मीही तिथेच उतरते," मी म्हटले.

घरात एकदम शांतता पसरली. सासूबाई लसूण सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मुलगी सातवीत आहे, ती मात्र टकमका माझ्याकडे पाहत राहिली. दोन दिवस या विषयावर कोणी बोलले नाही आणि तिसऱ्या दिवशी ह्यांनी तोडगा काढला. "जा तू. पण कोणी विचारलंच, तर मामींकडे उतरणार म्हणून सांग. उगाच कशाला चर्चा?"

मी बरे म्हटले. परवानगी मिळाली याचाच आनंद इतका, की तिच्या पदराला बांधून आलेले हे छोटेसे खोटे मला त्या वेळी टोचलेच नाही. ते टोचले पुढे.

आता तयारी. दोन दिवस घराबाहेर राहायचे म्हणजे आपण आधी घराचीच बॅग भरतो, स्वतःची नव्हे. कणीक मळून ठेवली, भाज्या निवडून डबे भरले, मुलाच्या गणवेशाला इस्त्री केली, सासूबाईंच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या पुड्यांत बांधल्या. दुधाचा, गॅसचा, क्लासचा कागद लिहून फ्रिजला चिकटवला. माझी स्वतःची पिशवी भरायला दहा मिनिटे लागली आणि त्यात टॉवेल विसरला.

पहाटे पाचची गाडी पकडली. मार्च २०२३ पासून आपल्याला एस.टी.त अर्धे तिकीट झाले आहे आणि तेव्हापासून गाड्यांमधून बायका किती दिसतात, ते तुम्हीही पाहिले असेल. भाजीच्या पाट्या, पोरे, परीक्षेला निघालेल्या मुली, औषधाला निघालेल्या म्हाताऱ्या. माझ्या शेजारच्या आजी राहुरीला लेकीकडे निघाल्या होत्या. "एकटीच का गं?" त्यांनी विचारले आणि उत्तर ऐकायच्या आत अर्धा पेरू माझ्या हातावर ठेवला.

गाडीला उशीर झाला, म्हणून मी स्टँडवरून थेट शिबिरालाच गेले. खोली संध्याकाळी बघू म्हटले. ही माझी पहिली चूक. शिबिर सुटले साडेपाचला, रिक्षाने तारकपूरला येईतो सव्वासहा. थंडीचे दिवस, अंधार पडलेला. सरांनी सांगितलेले लॉज सापडले. काउंटरवरच्या तरुणाने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या मागे पाहिले, मग दाराकडे पाहिले.

"एकट्याच आहात का?"

"हो."

"एकट्या लेडीजला रूम देत नाही मॅडम. फॅमिलीलाच देतो."

"अहो, मी फॅमिलीच आहे की! फॅमिली अकोल्याला आहे एवढंच."

तो हसला नाही. रागावलाही नाही. "मालकांनी सांगितलंय," म्हणाला आणि रजिस्टर मिटले. आमचे सर याच काउंटरवर वर्षातून चारदा उभे राहतात. त्यांना कोणी फॅमिली विचारत नाही. ते एकटे येतात, ते कामासाठी. मी एकटी आले, म्हणजे काहीतरी काळेबेरे असणार! चूक काही नसताना चोरासारखे वाटणे म्हणजे काय, ते मला त्या पाच पायऱ्या उतरताना कळले. वाटले, सरळ स्टँडवर जावे आणि मिळेल ती संगमनेर गाडी धरावी.

पण दुसऱ्या दिवशीचे सत्र दहाला सुरू होणार होते, आणि पाय दुखत होते. पाय दुखले की माणसाला धीर येतो, असा माझा अनुभव आहे. त्याच रस्त्याला पुढे दुसरे लॉज होते. काउंटरवर साठीचे एक काका, मागे गणपतीचा फोटो, फोटोला ताजा हार.

"एकट्याच आहात का?"

"हो. शिक्षिका आहे. सरकारी प्रशिक्षणाला आले आहे. हे पत्र," असे म्हणून मी पत्र, ओळखपत्र, सगळे एकदम पुढे केले. काकांनी पत्र वाचले नाही. ओळखपत्र पाहिले, रजिस्टर माझ्याकडे फिरवले. नाव, गाव, वय, कोठून आलात, कोठे जाणार, कामाचे कारण, सोबत किती माणसे. त्या शेवटच्या रकान्यात मी शून्य लिहिले. शाळेत इतकी शून्ये दिली, पण स्वतःला पहिल्यांदाच दिले!

"मिस्टरांचा नंबर लिहून ठेवा," काका म्हणाले. मी लिहिला. पुरुष उतारूंकडून मिसेसचा नंबर घेता का, हे विचारायचे मला सुचले ते दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर. आपल्याला उत्तरे नेहमी जिन्यावरच सुचतात.

रात्रीचे सातशे रुपये भाडे. खोली म्हणाल तर आमच्या देवघर-स्वयंपाकघराएवढी. एक पलंग, एक खुर्ची, भिंतीला आरसा, कोपऱ्यात चिमुकले न्हाणीघर. चादर धुतलेली, पण उशीला कोणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास. मी ओढणी उशीवर घातली. खिडकीची कडी बसत नव्हती, ती पोऱ्याला बोलावून बसवून घेतली. थंडी होती म्हणून जादा ब्लँकेट सांगून ठेवले आणि खाली जाऊन खानावळीत जेवून आले. चपात्या, मटकीची उसळ, वरण-भात. समोर वाढलेले ताट, गरम चपाती, आणि ती लाटायला उठायचे नाही! शेवटची चपाती थंड झालेली आपल्याला मिळते हा नियमच असतो, असे मी इतकी वर्षे समजत होते.

खोलीत येऊन कडी लावली, खुर्ची दाराला टेकवली. शेजारच्या खोलीत टी.व्ही. आणि पुरुषांचे हसणे. घरी फोन केला, मुलांशी बोलले. मग पुस्तक उघडले, पण लक्ष सगळे दाराकडे.

साडेदहाला दारावर थाप पडली.

काळजाचे पाणी पाणी झाले, खोटे कशाला सांगू? पुन्हा थाप. "मॅडम!" पुरुषी आवाज. मी दार उघडले नाही. "कोण?" हेही घशातून निघेना. मोबाइलवरून काउंटरला फोन लावला. काका म्हणाले, "अहो, तुम्ही ब्लँकेट मागितलं होतं ना? पोऱ्या आता मोकळा झाला." मी सातला मागितलेले ब्लँकेट साफ विसरले होते! "बाहेरच ठेवायला सांगा," म्हटले, पावले जिन्यावरून उतरल्याची खात्री केली आणि मग दार किलकिले करून ब्लँकेट आत ओढून घेतले.

आधी स्वतःचीच लाज वाटली. बिचारा पोरगा थंडीत ब्लँकेट घेऊन उभा होता. मग विचार केला, की यात लाजायचे काय? मी घाबरले हे खरे, पण घाबरून किंचाळले नाही, दार उघडले नाही, आधी चौकशी केली. स्वयंपाकघरात गॅसचा वास आला तर आपण काडी ओढत नाही, खिडकी उघडतो. तसेच हे. भीती वाटली तरी हात शहाण्यासारखे चालले म्हणजे झाले.

त्यानंतर जी झोप लागली, ती लग्नानंतर क्वचितच लागली असेल. रात्री कोणी पाणी मागितले नाही, कोणाचे पांघरूण सारायला उठले नाही. पहाटे पाचला मात्र सवयीने दचकून उठले, दूध उतू जाईल म्हणून! मग लक्षात आले की दूधच नाही. तशीच पडून राहिले. अर्धा तास. छताकडे बघत. तुम्ही शेवटच्या कधी अर्धा तास नुसत्या पडून राहिला होतात? आजारपण सोडून सांगा.

त्या अर्ध्या तासात एक गोष्ट मनात आली. शाळेत आम्ही ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती करतो. त्यांनी शिक्षिकेचे शिक्षण घेतले त्यातले काही याच नगरमध्ये, मिस सिंथिया फरार यांच्याकडे, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. म्हणजे प्रशिक्षणासाठी नगरला आलेली मी काही पहिली नव्हे. आणि या फरारबाई कोण? अमेरिकेहून १८२७ साली मुंबईला आलेल्या अविवाहित मिशनरी. १८३९ पासून त्यांनी नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच देह ठेवला. समुद्रापलीकडून आलेल्या त्या एकट्या बाईला त्या काळी किती जणांनी किती वेळा विचारले असेल, "एकट्याच आहात का?"

आणि जिच्या नावाने आपला जिल्हा आता ओळखला जातो, त्या अहिल्याबाई तर याच जिल्ह्याची लेक. जामखेड तालुक्यातले चौंडी हे त्यांचे जन्मगाव, जन्म १७२५ चा. पुढे होळकरांच्या गादीचा कारभार त्यांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत सांभाळला, तोही नवरा, सासरा आणि मुलगा गेल्यावर, एकटीने. काशी, गया, सोमनाथ, रामेश्वर, जिथे जिथे यात्रेकरू जातो तिथे तिथे घाट, विहिरी, देवळे आणि धर्मशाळा बांधणारी ही बाई. धर्मशाळा म्हणजे तरी काय? परगावच्या माणसाला रात्रीपुरते छप्पर, पाणी आणि निर्धास्त झोप. आपल्या नगरच्या लेकीने हे साऱ्या देशात उभे केले, आणि नगरच्याच स्टँडजवळ नगर जिल्ह्यातल्याच बाईला 'फॅमिली नाही' म्हणून पायऱ्या उतराव्या लागतात!

पुढे इंग्रजांनी १८६७ साली सराईंसाठी कायदा केला. सराई चालवणाऱ्याने खोल्या, मोऱ्या, विहीर स्वच्छ ठेवावी, पहारेकरी ठेवावेत, भाड्याचा तक्ता लावावा, असे त्यात सांगितले होते. अपेक्षा साध्याच, पण कोणत्याही गृहिणीला पटतील अशा. आता २०२३ साली आपल्या राज्याने महिलांसाठी 'आई' नावाचे पर्यटन धोरण आणले. चांगलीच गोष्ट. पण पर्यटन राहू द्या, कामाला निघालेल्या बाईला स्टँडजवळ एक रात्र निवांत मिळाली तरी पुष्कळ झाले. आणि हे लक्षात ठेवा, की एकट्या स्त्रीला खोली देऊ नये, असा कोणताही कायदा नाही. ओळखपत्र मागणे, रजिस्टर भरून घेणे हे लॉजवाल्याचे कर्तव्य, पण नाही म्हणणे हा त्याचा घरचा नियम.

दुसऱ्या दिवशी शिबिरात शेवगावकडच्या एक बाई शेजारी बसल्या होत्या. डोळे लाल. त्या मावसबहिणीच्या सासरी उतरल्या होत्या. "पाहुणी म्हणून गेले आणि आठ माणसांच्या पोळ्या लाटून आले," त्या हळूच म्हणाल्या. मी लॉजवर उतरले असे सांगितले, तर आधी त्यांनी डोळे विस्फारले आणि मग वहीचे मागचे पान काढून म्हणाल्या, "नंबर द्या हो त्यांचा."

तर अशा ज्या ज्या वहीचे मागचे पान काढून बसल्या असतील, त्यांच्यासाठी, माझ्या चुकांतून शिकलेल्या काही उपयोगाच्या गोष्टी.

१. निघण्याच्या आदल्या दिवशी लॉजला फोन करा आणि स्पष्ट सांगा, "मी एकटी आहे, खोली मिळेल का?" नकार यायचाच असेल तर तो घरी बसून ऐकावा, अंधारात पिशवी घेऊन नव्हे. भाडे कर धरून किती, आणि खोली चोवीस तासांच्या हिशेबाने की दुपारी बारापर्यंत, हेही विचारून घ्या. पोहोचायचे उजेडी.

२. ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड किंवा वाहन परवाना चालतो. आधारच द्यायचे असेल तर त्याची झाकलेल्या आकड्यांची प्रत काढता येते, तिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात. झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा: तारीख, आणि 'फक्त लॉजवर राहण्यासाठी'.

३. पैसे भरण्याआधी खोली पाहा. यात संकोच नको, आपण वांगीसुद्धा उलटून पाहतो. आतली कडी, खिडकीची कडी, न्हाणीघराचे दार, नळाचे पाणी, दिवे, सगळे हाताने लावून बघा. तळमजल्याची किंवा बोळाच्या टोकाची खोली नको. जिन्याजवळची, काउंटरवर हाक ऐकू जाईल अशी घ्या.

४. किल्लीच्या भोकात कागदाचा बोळा घाला. आरशामागे, दिव्याजवळ, न्हाणीघराच्या झरोक्यात नजर टाका. एकदा सगळे दिवे मालवून कुठे बारीक उजेड लुकलुकतो का, ते पाहा.

५. पिशवीत चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल (मी विसरले, तुम्ही विसरू नका), साबण, दोरी आणि चार चिमटे, छोटी बॅटरी, पाण्याची बाटली, आणि लाडू किंवा चिवडा. दाराखाली सारायला लाकडी पाचर ठेवा, कोणताही सुतार करून देईल. खुर्चीपेक्षा ती भारी.

६. लॉजचे नाव, खोलीचा क्रमांक आणि लॉजचा फोन घरच्या एका तरी माणसाला कळवा, काउंटरचा नंबर आपल्यापाशी कागदावर लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी ऐन वेळी दगा देते. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन या सगळ्यांसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे, महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनी आहे. मुलींनाही हे पाठ करून घ्या.

७. दारावर थाप पडली तर आधी काउंटरला फोन, मग उत्तर. वाईट वाटून घेऊ नका. ब्लँकेट बाहेर पाच मिनिटे राहिले तर बिघडत नाही.

८. निघताना पावती मागा. कामाच्या ठिकाणी भत्ता मिळत असेल तर ती लागते, आणि नसेल मिळत तरी घ्या. हिशेबाची सवय चांगली.

सातशे रुपये मी माझ्या तासिकांच्या पैशांतून दिले. "नुसतं झोपायला सातशे?" असे ह्यांनी फोनवर विचारले होतेच. मी म्हटले, "नुसतं झोपायलाच. म्हणून तर दिले."

आता राहिले ते टोचणारे खोटे. मी दुसऱ्या दिवशी रात्री घरी पोहोचले. सकाळी शेजारच्या काकू कढीपत्ता मागायला आल्या. "काय, नगरला जाऊन आलात म्हणे? मामींकडेच उतरला असाल ना?"

ह्यांनी पेपर थोडा वर धरला. मुलगी दप्तर भरता भरता थांबली. वाक्य अगदी सोपे होते, 'हो, मामींकडेच.' एवढे म्हटले की कढीपत्ता घेऊन काकू गेल्या असत्या. पण मुलीचे डोळे माझ्यावर होते. उद्या ती परीक्षेला, नोकरीला गावोगाव जाणार. प्रत्येक गावी एक मामी कुठून आणू? तिला तेव्हा मी काय शिकवणार, धीर धर म्हणून, की खोटे सांग म्हणून?

मी तोंड उघडणार तोच आतून सासूबाईंचा आवाज आला. "मामी पुण्याला गेलीय. लॉजवर उतरली होती ती. एकटी."

काकू बघतच राहिल्या. सासूबाई हात पुसत बाहेर आल्या. "का गं? तुझे काका आजारी होते तेव्हा नगरला दवाखान्याच्या व्हरांड्यात मी अकरा रात्री काढल्या. एकटीनं, पोतं अंथरून. येणारे-जाणारे पन्नास पुरुष. तेव्हा नाही कोणी विचारलं, एकटी का राहिलीस म्हणून. उलट चांगली बाई म्हणाले मला. ही आपल्या कामाला गेली, कडी लावून पलंगावर झोपली, तर त्यात काय वाईट?"

काकूंनी कढीपत्ता घेतला आणि त्या गेल्या. चर्चा व्हायची ती झालीच असेल, गाव आपले लहान. पण सासूबाईंचे बोलणे माझ्या मनातून जात नाही. त्या अकरा रात्रींबद्दल मला चौदा वर्षांत त्यांनी कधी सांगितले नव्हते, आणि मीही कधी विचारले नव्हते. दुसऱ्याच्या उशाशी बसायला बाई कितीही रात्री, कुठेही एकटी राहिली तरी चालते. स्वतःच्या कामासाठी एक रात्र राहिली, की रजिस्टर मिटते. लसूण सोलताना त्या गप्प होत्या, ती नाराजी आहे असे मी समजत होते. कदाचित त्या तेव्हा तो व्हरांडाच आठवत असतील.

ह्यांनी त्या दिवशी काही म्हटले नाही. संध्याकाळी मात्र टेबलावर पडलेले लॉजचे कार्ड उचलले आणि फोनच्या डायरीत चिकटवून ठेवले. "पुन्हा लागेल," एवढेच म्हणाले. पुढचे शिबिर जूनमध्ये आहे. या वेळी टॉवेल सगळ्यात आधी भरणार आहे.

मैत्रिणींनो, तुम्ही कधी एकट्या कुठे उतरलात का? कामासाठी, परीक्षेसाठी, मुलीच्या प्रवेशासाठी? बरे-वाईट जे झाले असेल ते जरूर लिहून कळवा. आणि हो, तुमच्या घरच्या वडीलधाऱ्या बायकांनाही एकदा विचारा, त्या कुठे कुठे एकट्या राहिल्या म्हणून. त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ असते, आपणच लसणाच्या पाकळ्या मोजत बसतो.